एलपी कशी घ्यावी, मग कशी ऐकावी : नवशिक्यांसाठी सूचना

ज्यांना माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही एलपी नव्या छपाईत विकत घ्यायची आहे, पण नेमकी कुठली घ्यावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांच्याकडे हिच्या तीन प्रती आधीच आहेत त्यांनी वाचायची तसदी घेऊ नये. त्यांना चौथी हवीच असते, आणि का असं विचारलं की ते चिडतात.

आधी थोडी माहिती. न्यूयॉर्कच्या पूर्व भागात, ३०व्या रस्त्यावर एक जुनं चर्च होतं. कोलंबिया कंपनीने त्याचा स्टुडिओ केला. छत उंच होतं, त्यामुळे आवाजाला फिरायला ऐसपैस जागा मिळे. तिथे १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत पाच रचना ध्वनिमुद्रित झाल्या. ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, डबल बेसवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. पियानोवर बिल एव्हन्स, आणि एका रचनेपुरता विंटन केली. माणसं एकूण सात, पण वाजवताना कधीच सहापेक्षा जास्त नाहीत. त्याच वर्षी १७ ऑगस्टला एलपी बाजारात आली. साठ वर्षांनी, २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने तिला पाचव्यांदा प्लॅटिनम ठरवलं, म्हणजे पन्नास लाख प्रतींच्या हिशेबाने. तेव्हा ही दुर्मीळ वस्तू आहे असं कुणी सांगू लागला तर खुशाल हसावं. दुर्मीळ आहे ती फक्त ‘मूळ प्रत’, आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते.

पायरी पहिली : मूळ प्रत म्हणजे काय ते जाणत्याकडून ऐकून घ्या

रेकॉर्डच्या नादी लागलात की एक जाणता माणूस भेटतोच. त्याला शोधावं लागत नाही. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर, पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, तुम्ही कुठलंही कव्हर हातात घेतलंत की पाठीमागून आवाज येतो, “रीइश्यू आहे ती.” आवाज असा, की घरात सुतक असावं.

त्याच्यापुढे शिष्यभावाने उभं राहावं. तो सांगेल की मूळ प्रतीचं लेबल लाल असतं आणि त्याच्या कडांवर डोळ्यांसारखी सहा चिन्हं असतात, म्हणून तिला ‘सिक्स-आय’ म्हणायचं. मोनो असेल तर कव्हरवर सीएल १३५५, स्टीरिओ असेल तर सीएस ८१६३. संगीत संपल्यावर सुई लेबलाजवळच्या ज्या कोऱ्या पट्ट्यात गोल फिरत राहते, तिथे काही अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. ते भिंगाने वाचायचे. अक्षरं साच्याचा क्रम सांगतात. जितका आधीचा साचा, तितकी किंमत वर. भिंग तुमच्याकडे नसणार. त्याच्याकडे असतं, खिशातच.

मग तो आवाज खाली आणून खरी खूण सांगेल. अगदी सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली गेली होती. आधी वाजते ‘ऑल ब्लूज’, मग ‘फ्लेमेंको स्केचेस’, आणि छापलं होतं नेमकं उलट. चूक ध्यानात आल्यावर कंपनीने ती सुधारली. आता सुधारलेली प्रत स्वस्त आणि चुकलेली महाग. नवशिक्याने इथे तर्क लढवू नये. नोटेवर छपाईची चूक निघाली की तिचा भाव वाढतो, हे आपण ऐकून आहोतच.

जाणत्याचं बोलणं संपलं की त्याला एकच गोष्ट विचारावी, तीही अगदी साधेपणाने : “पण पहिली बाजू तर चढी आहे ना?”

त्यानंतर काय होईल हे जाणत्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. गोष्ट मात्र खरी आहे. २ मार्चच्या दिवशी स्टुडिओत दोन टेपयंत्रं चालू होती, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य यंत्र जरासं मंद चाललं होतं, सुमारे सव्वा टक्क्याने. मंद यंत्रावर भरलेली टेप योग्य वेगाच्या यंत्रावर वाजवली की ती पळते, आणि पळते तेव्हा सूरही वर चढतो. त्या दिवशी ध्वनिमुद्रित झालेल्या तिन्ही रचना एलपीच्या पहिल्या बाजूला आल्या. परिणामी १९५९ पासून तीन दशकांहून अधिक काळ जगभर जी पहिली बाजू वाजली ती सव्वा टक्का घाईत आणि सव्वा टक्का चढी. १९९२ मध्ये हे उघडकीला आलं. तेव्हा राखीव यंत्रावरची टेप काढली, ती बरोबर वेगाची होती, आणि तिथून पुढच्या आवृत्त्या सुधारल्या.

सव्वा टक्का म्हणजे किती? श्रुतिशास्त्रावर लिहिणारे ज्या अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात आणि ८१:८० असं मांडतात, ते अंतर बरोबर सव्वा टक्क्याचं. आपल्याकडे एवढ्या अंतरावरून घराण्याघराण्यांत वाद झालेत, आणि इथे अख्खी बाजू एक श्रुती वर सरकलेली असताना कुणी चकार शब्द काढला नाही. अर्थात घरी रेकॉर्ड लावून तिच्यासोबत वाजवू बघणाऱ्या ट्रम्पेटवाल्याला वाद्य जरा चढवून घ्यावं लागत असणार. पियानोवाल्याला तीही सोय नाही. त्याला आपलाच पियानो उतरलाय असं वाटत राहणार, आणि सूर लावणारा दर महिन्याला येऊन पैसे घेऊन जाणार.

यातून नवशिक्याने एवढंच लक्षात ठेवावं. मूळ प्रत ही मूळ वादनाशी प्रामाणिक नाही, आणि वादनाशी जी प्रामाणिक आहे ती मूळ प्रत नाही. ज्या लोकांनी ही एलपी पहिल्यांदा ऐकून आयुष्यभराचं वेड लावून घेतलं त्यांनी चढी बाजूच ऐकली होती. खुद्द कोल्ट्रेन १९६७ साली गेला, चेंबर्स १९६९ साली, एव्हन्स १९८० साली, स्वतः माइल्स १९९१ च्या सप्टेंबरात. आपण त्या दिवशी कुठल्या पट्टीत वाजवलं होतं ते बाजारात बरोबर ऐकू यायला लागलं तेव्हा यांच्यापैकी कुणी उरला नव्हता. जिमी कॉब तेवढा होता, २०२० पर्यंत.

१९९० च्या दशकात क्लासिक रेकॉर्ड्स नावाच्या अमेरिकी कंपनीने यावर नामी तोडगा काढला. तिच्या आवृत्तीत जुन्या वेगाची पहिली बाजूही होती आणि सुधारलेल्या वेगाचीही. ज्याला जे मूळ वाटेल ते त्याने ऐकावं. सुधारलेली बाजू साधारण अठरा सेकंदांनी लांब असते. त्याच पैशात अठरा सेकंद माइल्स जास्तीचा मिळतो, असंही पत्नीला सांगता येतं. पटेल याची हमी नाही.

पायरी दुसरी : टर्नटेबल कुठून आलं ते तपासा

ही पायरी सगळ्या परदेशी मार्गदर्शिकांत वगळलेली असते, कारण त्या लिहिणाऱ्यांना भाचे नसतात. आपल्याकडे टर्नटेबल बहुधा न्यू जर्सीहून भाचा आणतो, स्वेटरमध्ये गुंडाळून. अमेरिकेत वीज ११० च्या घरात, आपल्याकडे २३०, हे त्याला माहीत असतं, म्हणून तो सोबत ट्रान्सफॉर्मरही आणतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो. पण तिथली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आणि आपली ५० ची, आणि हे आवर्तन ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. जुन्या पद्धतीची एसी मोटर वीज जितकी आवर्तनं घेते त्या हिशेबानेच फिरते. म्हणजे मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर फिरायला हवी ती तबकडी तुमच्या दिवाणखान्यात अठ्ठावीसच्या आत फिरणार.

सूर किती उतरेल? साठाला पन्नास म्हणजे सहास पाच, म्हणजे बरोबर कोमल गंधाराइतका. कोलंबियाच्या यंत्राने एक श्रुती चढवली होती. भाच्याच्या यंत्राने ती फेडून वर तीन स्वरस्थानं आणखी उतरवली. ‘सो व्हॉट’ची पट्टी पांढरी दोनची. ती तुमच्याकडे खालच्या पांढरी सातमध्ये ऐकू येईल, आणि माइल्सच्या वाजवण्यात जो काही निवांतपणा आहे असं तुम्ही मित्रांना सांगत होता त्यातला मोठा वाटा महावितरणचा निघेल.

उपाय सोपा आहे. मोटर डीसी असेल किंवा क्वार्ट्झवर वेग राखणारी असेल तर चिंता नाही. नसेल तर कप्पी बदलून मिळते. वेग मोजायला छापील चकती मिळते, तीही चालेल, पण ५० हर्ट्झची घ्या. ६० ची चकती भाचा आणेलच.

पायरी तिसरी : वजन

१८० ग्रॅम, २०० ग्रॅम असं कव्हरवरच्या गोल स्टिकरवर लिहिलेलं असतं. जड तबकडी सहसा सपाट राहते, एवढा तिचा उपयोग. खाच जड तबकडीतही तेवढीच खोल असते. या विषयावर यापेक्षा जास्त बोलणाऱ्याच्या हातात वजनकाटा द्यावा आणि आपण चहा ठेवायला जावं.

पायरी चौथी : वेग पंचेचाळीस घ्यावा की तेहेतीस

इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण यात खरोखर तथ्य आहे. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण सुई काठाशी असताना मोठं वर्तुळ कापते आणि लेबलाकडे सरकत जाताना लहान. काठाशी सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच सुईखालून जाते. शेवटी शेवटी हे अंतर निम्म्याहूनही कमी होतं. म्हणजे तेवढ्याच सेकंदाचं संगीत निम्म्या जागेत दाटीवाटीने बसवायचं. वरचे बारीक सूर इथे फाटतात, झांजांची धार जाते. म्हणून एलपीचे जुने निर्माते बाजूच्या शेवटी शांत, संथ काहीतरी ठेवत.

आता पहिल्या बाजूच्या शेवटी काय आहे? ‘ब्लू इन ग्रीन’. जेमतेम साडेपाच मिनिटांची रचना, आणि माइल्सच्या ट्रम्पेटच्या तोंडाला हार्मन म्यूट लावलेला. हा म्यूट आवाज पातळ करतो, त्याला कडा आणतो. अशा आवाजात जे काही असतं ते सगळं वरच्या सुरांत. म्हणजे एलपीवरचा सगळ्यांत नाजूक आवाज सगळ्यांत अडचणीच्या जागी जाऊन बसला आहे. तुमची सुई झिजलेली असेल किंवा काट्रिज वाकडं बसवलेलं असेल तर ते ‘सो व्हॉट’मध्ये कळणार नाही, इथे कळेल. नवीन काट्रिज तपासायला म्हणून मी हीच रचना लावतो. जी काट्रिजं इथे नापास होतात ती बाकी सगळीकडे पास झाली तरी माझ्या लेखी नापासच.

पंचेचाळीसच्या वेगाने छापलेल्या दोन तबकड्यांच्या आवृत्त्या याच कारणासाठी निघतात. खाच जलद जाते, जागा वाढते, आवाज मोकळा होतो. किंमत अशी, की दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तेहेतीसची घ्यावी. ध्यान लागलेलं असताना उठणं हाही एक योगच आहे असं कुणी म्हणेल, पण तो माणूस बहुधा दुकानदार असतो.

पायरी पाचवी : ‘पूर्ण अ‍ॅनालॉग’ या शब्दांपुढे हात जोडा, पण डोळे उघडे ठेवा

नव्या एलपीच्या जाहिरातीत एक वाक्य असतंच : थेट मूळ टेपवरून, मध्ये डिजिटलचा स्पर्श नाही. जाणत्याच्या मते डिजिटलचा स्पर्श झालेली तबकडी त्याला एका मिनिटात ओळखता येते. आवाज कोरडा होतो, हवा जाते, माणसं कागदी होतात. हे त्याने तुम्हाला ऐकवलं असेलच.

२०२२ च्या जुलैत फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने जाहीर केलं की मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या महागड्या पुनर्मुद्रणांमध्ये मधली एक पायरी डिजिटल आहे. कंपनीच्या अभियंत्यांनी ते कबूल केलं. २०११ पासून बऱ्याच तबकड्या तशा निघाल्या होत्या. गेली कित्येक वर्षं जगातले सगळ्यांत तिखट कान याच तबकड्या समोर ठेवून अ‍ॅनालॉगचं माहात्म्य सांगत होते. कोर्टकचेऱ्या झाल्या. मला विचाराल तर फसवणूक झाली ती झालीच, लपवाछपवी वाईट. पण त्याच वेळी हेही सिद्ध झालं की त्या तबकड्या उत्तम वाजत होत्या, आणि एका मिनिटात ओळखणारे दहा-अकरा वर्षं काहीच ओळखू शकले नव्हते.

या प्रकरणानंतर जाणत्या माणसाला हा विषय काढून दाखवावा का? एकदा दाखवावा. मग वर्षभर तो तुम्हाला काही शिकवायला येणार नाही.

‘काइंड ऑफ ब्लू’च्या बाबतीत मनाला शांतता हवी असेल तर अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्स या कॅन्सस राज्यातल्या कंपनीने २०२१ मध्ये काढलेली पेटी आहे. तबकडी पारदर्शक, २०० ग्रॅमची, पुठ्ठ्याची जाड पेटी, प्रत्येक पेटीवर क्रमांक. किंमत तेव्हा शंभर डॉलर. मर्यादित आवृत्ती, फक्त २५ हजार प्रती. मराठीत कविता लिहिणाऱ्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये, प्रकृतीला बरं नाही.

पायरी सहावी : पावसाळा

कव्हर कपाटात भिंतीला टेकवून ठेवू नये, बुरशी येते. आतला कागदी लिफाफा बदलून प्लॅस्टिकचा घालावा. तबकडी उभी ठेवावी. बाकी कोकणात राहत असाल तर देवावर भरवसा.

पायरी सातवी : कव्हर वाचा, नीट वाचा

कव्हरवरचा फोटो जे मेझल या छायाचित्रकाराने न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरात काढलेला आहे. मागच्या बाजूला बिल एव्हन्सने लिहिलेलं टिपण आहे, जपानी शाईचित्रकलेशी तुलना करणारं. वाजवणाऱ्याने इतकं स्वच्छ लिहिलं आहे की समीक्षकांनी त्यानंतर या एलपीवर लिहायचं थांबवायला हरकत नव्हती. एव्हन्सने १९५८ च्या अखेरीस माइल्सची संगत सोडली होती. या एलपीसाठी त्याला खास बोलावून घेतलं. नियमित पियानोवादक विंटन केली होता, त्याच्या वाट्याला ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ही एकच रचना आली. साधा बारा मापांचा ब्लूज, आणि ब्लूजमध्ये केलीचा हात किती खेळता आहे हे माइल्सला नेमकं ठाऊक होतं.

नव्या आवृत्त्यांच्या पेट्यांत जाड पुस्तिका असतात, त्यांत माइक्रोफोनांची यादीही सापडते. एक गोष्ट मात्र शोधून वाचावी लागते. एलपी आली १७ ऑगस्टला. २५ ऑगस्टच्या रात्री माइल्स बर्डलँड या क्लबमध्ये वाजवत होता. मधल्या विश्रांतीत एका गोऱ्या बाईला टॅक्सीपर्यंत सोडून तो दाराशी उभा राहिला. पोलिसाने हटायला सांगितलं. मी इथेच काम करतो, असं म्हणत त्याने पाटीवरचं स्वतःचं नाव दाखवलं. थोड्याच वेळात डोक्यातून रक्त वाहत असलेल्या माइल्सला चौकीवर नेलं होतं. पुढे त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. शंभर डॉलरच्या पेटीवर क्रमांक घालताना ही तारीखही कुठेतरी घालता आली असती.

पायरी आठवी : आता लावा

नवशिक्याला भीती असते की जाझ कळणार नाही. ट्रम्पेट हे वाद्य तरी आपल्याला परकं नाही. गोव्यातल्या आल्दोन्याचा आंतोनियु शाव्हिएर वाज, म्हणजेच चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये बँड चालवायचा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी धरलं, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो. तो ट्रम्पेट भरदार, हसरा, दार ढकलून आत येणारा. माइल्सचा त्याच्या नेमका उलट. तो दाराबाहेर उभा राहून दोन शब्द बोलतो आणि तुम्हालाच बाहेर यावं लागतं. आवाज वाढवून काही होत नाही. तबला ऐकायला बसताना पंखा बंद करता तसा इथेही करा.

‘सो व्हॉट’ची सुरुवात पियानो आणि बेसच्या धूसर आलापाने होते, ठेका नाही. मग बेस एक ओळ म्हणतो. मुख्य धून बेसने म्हणायची आणि बाकीच्यांनी दोन सुरांचं उत्तर द्यायचं, ही मांडणी तेव्हाही नवी होती आणि ऐकायला आजही मजेची वाटते. घराघरांत बडबड्या माणसाला मागे बसवून घुम्या माणसाच्या हाती बोलणं दिलं तर जे होईल ते इथे झालं आहे.

स्वर काफी थाटाचे : गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. पहिली सोळा मापं पांढरी दोनवर. मग अख्खा मामला अर्धा स्वर वर, काळी दोनवर, आठ मापं. मग परत खाली आठ. बत्तीस मापांचं हे आवर्तन फिरत राहतं. त्या काळच्या बॉप जाझमध्ये वादकाला दर दोन-चार मात्रांनी नव्या कॉर्डचा पाठलाग करावा लागे. इथे माइल्सने कॉर्ड जवळजवळ काढूनच टाकल्या आणि एका स्वरसमूहात मुक्कामाला जागा दिली. काफीच्या कुणा श्रोत्याने इथे काफी रागाचं चलन शोधू नये, ते नाही, मींड नाही, षड्जाचा तंबोरा नाही. पण एका थाटात निवांत राहून तो फुलवणं आपल्या कानाला नवं नाही, त्यामुळे जाझमधल्या कित्येक एलपींपेक्षा ही आपल्याला लवकर उघडते. काळी दोनवर जाताना जी किंचित उचल होते ती दोन-तीन आवर्तनांनी आधीच कळायला लागते. कळायला लागली की समजा तुम्ही आत आलात.

माइल्सचं वादन सुरू होतं त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक ठोका देतो, आणि तो इतका लांब रेंगाळतो की चर्चच्या छताची उंची कळते. नव्या आवृत्तीत पैसे कशासाठी घातले ते इथे तपासा. झांज पत्र्यासारखी वाजली तर पैसे परत मागा.

सॅक्सोफोन दोन आहेत, ते ओळखता यायला हवेत. आल्टोवाला कॅननबॉल गोल, तब्येतीने खाऊन-पिऊन आलेला, ब्लूजचा गोडवा सोडत नाही. टेनरवाला कोल्ट्रेन एकाच प्रश्नाला दहा बाजूंनी भिडतो आणि समाधान न होताच थांबतो. स्टीरिओ आवृत्तीत एक एका स्पीकरमध्ये आणि दुसरा दुसऱ्यामध्ये, माइल्स मधोमध. त्यामुळे आठवडाभर सराव केला की नाव न बघता सांगता येतं. ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये कॅननबॉल नाही. तिथेही तो कुठल्यातरी स्पीकरमधून ऐकू येतोय असं तुम्ही कुणाला सांगितलंत तर ते चारचौघांत पसरेल.

‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये तर मापांची संख्याही ठरलेली नाही. पाच स्वरसमूह क्रमाने घ्यायचे, प्रत्येकात हवं तितकं राहायचं आणि मन भरलं की पुढच्यात जायचं. बाकीचे ऐकत राहतात आणि सोबत जातात. याचं दुसरं पूर्ण वादनही टेपवर होतं, १९९० च्या दशकात ते बाहेर आलं. दोन्ही लागोपाठ ऐकली की ‘मूळ’ या शब्दाचा नाद आणखी जरा सुटतो, कारण दोन्हीही तितकीच पहिल्यांदा सुचल्यासारखी आहेत.

पायरी नववी : प्रगत विद्यार्थ्यांसाठी

त्या दोन दिवशी रचना ज्या क्रमाने वाजवल्या गेल्या तो क्रम एलपीवर नाही. २ मार्चला आधी ‘फ्रेडी फ्रीलोडर’ झालं, मग ‘सो व्हॉट’, मग ‘ब्लू इन ग्रीन’. २२ एप्रिलला आधी ‘फ्लेमेंको स्केचेस’, मग ‘ऑल ब्लूज’. म्हणजे त्या पहिल्यावहिल्या प्रतींवर दुसऱ्या बाजूची जी नावं चुकून उलटी छापली गेली ती वादनाच्या क्रमाप्रमाणे बरोबरच होती. भिंगवाल्या जाणत्याला हे आधीपासून माहीत असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

ज्यांना तोच क्रम ऐकायचा आहे त्यांनी सुई उचलून मधल्या कोऱ्या पट्टीवर ठेवायला शिकावं. उचलायचा खटका असेल तर तोच वापरावा, बोटाने करू नये. दोन रचनांमधली पट्टी मिलिमीटरभराची असते आणि दिव्याखाली तिरकस बघितलं की चमकते. पहिला सराव शंभर डॉलरच्या पेटीवर करू नका. घरात जुन्या बाजारातून आणलेलं काहीतरी असेलच, नाहीतर भाच्याने दिलेलं ख्रिसमसचं गाणं असेल, ते घ्या. हात बसला की ‘फ्लेमेंको स्केचेस’ लावा आणि ते संपताच सुई उचला, नाहीतर ती कोऱ्या पट्ट्यात जाऊन टकटक करत बसेल. मग बाहेरच्या काठावर आणा. ‘ऑल ब्लूज’ सहाच्या ठेक्यात आहे, साडेअकरा मिनिटांचं.